ब्राउझर बदलण्यापूर्वी आठवडाभर पारख करा

नालासोपारा आणि विरार स्टेशनच्या परिसरात झेरॉक्सची व ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकाने जागोजागी दिसतात. पॅन कार्ड, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, हजचा अर्ज, सारे काही तेथे एकाच संगणकावर होते. वालीवच्या गाळ्यांतील लहान कारखानदारही जीएसटीचे विवरणपत्र आणि बँकेचा व्यवहार बहुधा एकाच ब्राउझरवर उरकतात. गिऱ्हाईक आपले कागद विश्वासाने हाती देते. ती अमानत आहे. सूरह अल्-हुजुरातच्या बाराव्या आयतीत दुसऱ्याच्या खाजगी गोष्टींची टेहळणी करण्यास मनाई आहे. मग आपल्या दुकानातील संगणकावरून तिसराच कोणी टेहळणी करीत नाही ना, हे पाहणेही आपले काम ठरते.

टेहळणी कशी होते?

संकेतस्थळ आपल्या संगणकात एक लहानशी चिठ्ठी ठेवते, तिला कुकी म्हणतात. १९९४ साली नेटस्केप कंपनीत ही युक्ती निघाली, ती गिऱ्हाइकाची खरेदी लक्षात राहावी म्हणून. पुढे जाहिरात कंपन्यांनी आपल्या चिठ्ठ्या हजारो संकेतस्थळांवर पेरल्या. त्यामुळे माणूस कोठे गेला, काय पाहिले, याचा माग त्यांना लागू लागला.

'गुप्त खिडकी' उघडली की काम झाले, असा अनेकांचा समज आहे. ती खिडकी फक्त आपल्या संगणकावरील इतिहास पुसते. संकेतस्थळाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला आपण दिसतोच. याच मुद्द्यावर २०२० साली अमेरिकेत गूगलवर दावा झाला आणि २०२४ मध्ये कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

कोणता घ्यावा?

व्यापाऱ्याने आधी विचारावे, फुकट माल देणाऱ्याचे पोट कशावर चालते? फायरफॉक्स हा मोझिला या ना-नफा संस्थेचा. तो मराठीतही मिळतो, मात्र त्याचे बरेचसे उत्पन्न गूगलच्या शोध-करारातून येते. ब्रेव्ह हा ब्रेंडन आइक यांच्या कंपनीचा, २०१६ पासूनचा. तो माग काढणाऱ्या जाहिराती आपणहून अडवतो, पण त्याचा स्वतःचा जाहिरातीचा धंदा आहे. टोर सर्वांत कडक, परंतु संथ. बँकेच्या रोजच्या कामाला तो सोयीचा नाही. दुकानासाठी पहिल्या दोहोंपैकी एक पुरे.

आठवडाभराची पारख

१. ब्राउझर मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरूनच उतरवावा. जुना लगेच काढू नये.
२. पहिले तीन दिवस साधी कामे करावीत : बातम्या, भावांची चौकशी, तिकिटे.
३. नंतर जीएसटी, बँक व सरकारी अर्ज उघडून पाहावेत. एखादे पान अडले, तर पत्त्याच्या पट्टीतील ढालीच्या किंवा सिंहाच्या चिन्हावर जाऊन फक्त त्याच संकेतस्थळापुरती अडवणूक सैल करावी.
४. फॉर्मच्या दुकानात ब्राउझर बंद होताच कुकी पुसल्या जातील अशी सोय करावी. पासवर्ड साठवू नयेत. दर वेळी पुन्हा लॉगइन करावे लागेल, तेवढा त्रास सोसावा.
५. न चालणाऱ्या संकेतस्थळांची यादी करावी. तेवढ्यापुरताच जुना ब्राउझर ठेवावा.

ब्राउझर काय करणार नाही?

गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची प्रत डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहते, ती कोणताही ब्राउझर आपणहून पुसत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेली प्रतही तशीच राहते. काम होताच आणि रोज दुकान बंद करताना ही फोल्डरे व रिसायकल बिन रिकामी करावी. गूगलच्या खात्यात लॉगइन असताना केलेला शोध गूगलला कळतोच. आपणच ओटीपी सांगितला, तर ढाल काय करणार? पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. पण कायद्याच्या धाकाने नव्हे, तर अमानतदारी म्हणून हे करावे. वजनात काटा न मारणारा दुकानदार जसा गल्लीत ओळखला जातो, तसाच कागद सांभाळणाराही ओळखला जाईल.