कोयता गेला परिशिष्टात

माझ्या डिझर्टेशनला 58 गुण मिळाले. 60 ला मेरिट. दोन गुणांचं दुःख नाही असं म्हणणार नाही, आहेच. पण ते ज्या शब्दापायी गेले, त्याचा राग जास्त आहे.

इंग्लंडमधलं विद्यापीठ, समाजशास्त्राचं एका वर्षाचं एम.ए., माहितीपत्रकात पानोपानी 'आंतरराष्ट्रीय दृष्टिकोन'. विषय मी जातानाच ठरवला होता, ऊसतोड कामगार. अंबाजोगाईकडच्या मुलीला तो शोधावा लागत नाही. दिवाळी आली की गावंच्या गावं रिकामी होताना दिसतात.

पहिली चूक माझीच. तिथे डिझर्टेशन जून ते सप्टेंबर, आणि तोडीचा हंगाम उन्हाळ्यातच संपलेला. फड नाही, कामगारांची कोपी (झोपडी) नाही, पाहायचं काय? त्यात एथिक्स कमिटीने महिनाभर अर्ज अडकवला. शेवटी सगळ्या मुलाखती फोनवर. तेव्हा अर्ज भरण्याआधी तुमच्या विषयाचा हंगाम आणि विद्यापीठाचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. हे मला एकानेही सांगितलं नव्हतं.

मार्गदर्शक माणूस वाईट नव्हता. 'सर' म्हणू द्यायचा नाही, नावानेच हाक मारा म्हणायचा. मोकळेपणा तेवढ्यापुरताच.

माझी सगळी मांडणी 'कोयता' या शब्दावर उभी होती. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, पण हिशेबात ती वेगळी दिसतच नाही. हे सगळं त्या एका शब्दात आहे. त्याने मसुदा वाचला, 'इंटरेस्टिंग' म्हणाला (यावर कधी खूश होऊ नका) आणि शब्दावर रेघ मारली. स्थानिक शब्द परिशिष्टातल्या यादीत टाक, मजकुरात 'हाउसहोल्ड' लिही, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूचा आधार घे.

मी त्या पानाकडे बघत राहिले. दोन परिच्छेद वर त्याच बोर्द्यूचा 'हॅबिटस' होता. मागच्या प्रकरणात जर्मन समाजशास्त्रज्ञ टोनिसचा 'गेमाइनशाफ्ट'. एक लॅटिन, एक जर्मन, आणि दोघांनाही रेघ नाही. त्या संज्ञा, आणि आमचा तो स्थानिक शब्द! आंतरराष्ट्रीय म्हणजे माहिती आमची आणि सिद्धांत त्यांचा, हे त्या अर्ध्या तासात कळलं. आणि मी काय केलं? मान डोलावली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी बर्लिनमध्ये आपल्याच मार्गदर्शकाचा, ऑयगेन फिशरचा, कवट्यांवरून बांधलेला वांशिक अंदाज मोजमापं दाखवून नाकारला होता. माझ्याच्याने एक शब्द राखवला नाही.

आता गंमत ऐका. दुसऱ्या परीक्षकाचा शेरा आला, 'सैद्धांतिक चौकट उसनी वाटते.' उसनीच होती. त्यांनीच घ्यायला लावली होती!

परत आल्यावर ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांचं 2007 चं 'सदर्न थिअरी' हाती लागलं. त्यात बेनिनचे तत्त्वज्ञ पॉलिन हुंतोंजी भेटले. आफ्रिकेने कच्चा माल पुरवायचा आणि सिद्धांत बाहेर घडायचा, ही तक्रार त्यांनी कधीचीच मांडून ठेवली आहे. आमच्या वाचनयादीत दोघंही नव्हते.

म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि प्रत्येक विषयाची वाचनयादी मागवा. आमच्याकडे दहा आठवड्यांत एक आठवडा 'ग्लोबल साउथ'चा होता, त्यातही बोलायला मलाच उभं केलं. निवडलेला विषय त्या वर्षी खरंच शिकवणार का, मार्गदर्शक रजेवर तर नाही ना, हे ईमेलवर लेखी विचारा. माझा स्थलांतरावरचा पेपर ऐनवेळी रद्द झाला. पैशांचं नियोजन करा, थंडीचे कपडे न्या वगैरे सगळेच सांगतात, मीही सांगते.

आणि तुमच्या मुलखातला शब्द वापरायचा असेल, तर पहिल्याच बैठकीत व्याख्येसकट, संज्ञा म्हणून मांडा. शेवटच्या मसुद्यात आणलात तर तो परिशिष्टात जाणार. माझा गेला. पान 61.