बंदरावरचे धुके आणि आलंबनाचा प्रश्न

जुन्या औद्योगिक बंदरांच्या छायाचित्रांत धुके, ओला दगडी धक्का, गंजलेले लोखंड आणि निर्मनुष्य अवकाश हे घटक इतक्या सातत्याने येतात की त्यांचा एक संकेतच रूढ झाला आहे. अशा चित्रातून जाणवणारी उदासी नेमकी कोणाविषयीची असते, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. संस्कृत साहित्यशास्त्रातील विभावविचार त्यासाठी उपयोगी ठरतो. भाव ज्याच्याविषयी जागृत होतो ते आलंबन. त्या भावाला चेतवणारी परिस्थिती म्हणजे उद्दीपन. धुके हे उद्दीपन होय. मग आलंबन कोणते?

लिव्हरपूलची आल्बर्ट गोदी हे या संदर्भात बोलके उदाहरण आहे. जेसी हार्टलीने उभारलेली ही गोदी १८४६ मध्ये खुली झाली आणि १९७२ मध्ये बंद पडली. आगीपासून माल वाचावा म्हणून तिच्या गोदामांच्या बांधणीत लाकूड टाळून ओतीव लोखंड, वीट व दगड वापरले गेले. छायाचित्रांत शोकगंभीर भासणारे खांब मुळात मालाच्या रक्षणासाठी होते. तो वाहणाऱ्या मजुराला असे संरक्षण नव्हते. ब्रिटिश गोद्यांतील हंगामी मजुरीची पद्धत १९६७ मध्ये संपुष्टात आली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) मुंबईहून गेलेला कापूसही याच शहराच्या बंदरात उतरत होता. निर्मनुष्य चित्रात यांपैकी काहीच उरत नाही.

याउलट एडवर्ड शँब्रे हार्डमन यांचे १९५० मधील ‘द बर्थ ऑफ द आर्क रॉयल’ हे छायाचित्र पाहावे. मर्सी नदीपलीकडील बर्कनहेडमध्ये बांधली जाणारी विमानवाहू नौका घरांच्या छपरांवर उजळ उभी आहे. उताराच्या रस्त्याने एक मुलगा पाठमोरा चालला आहे. त्या एका आकृतीमुळे नौकेचे प्रचंडपण मानवी मापाने मोजले जाते आणि भावाला आश्रय मिळतो.

ओसाड वास्तू स्वतःच आलंबन होऊ शकते, असा आक्षेप येथे संभवतो. तो ग्राह्य आहे. मात्र त्यासाठी झिजलेली पायरी, दोराने घासलेला दगड अशी श्रमाची खूण चित्रात असावयास हवी. ती नसेल, तर उरते ती केवळ उदासीची सजावट. बंदर आणि गिरणगाव यांविषयीची आपली कविता अभ्यासतानाही हीच कसोटी लावून पाहता येईल.