‘ऑन द बुक्स’ : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा पाठ



इंग्रजी वाक्प्रचार शिकविताना आपण बहुधा त्याचा अर्थ फळ्यावर लिहून देतो, मुले तो वहीत उतरवून घेतात आणि पाठ संपला असे आपण मानतो. परंतु मुलाने स्वतःच्या अनुभवातील वाक्य केल्यावाचून तो वाक्प्रचार त्याचा झाला, असे म्हणता येत नाही. या दृष्टीने ‘ऑन द बुक्स’ या लहानशा वाक्प्रचाराचा पाठ सातवी-आठवीच्या वर्गात कसा घेता येईल, याचे दिग्दर्शन येथे करावयाचे आहे. वाक्ये येथे देवनागरीत दिली आहेत. फळ्यावर ती रोमन लिपीत लिहावीत.

अर्थ

येथे ‘बुक’ म्हणजे वाचावयाचे पुस्तक नव्हे, तर नोंदीची वही किंवा दप्तर होय. या वाक्प्रचाराचे दोन अर्थ विशेष प्रचारात आहेत. पहिला, एखादा कायदा संमत होऊन कायद्यांच्या संग्रहात असणे. दुसरा, एखाद्या व्यक्तीचे नाव संस्थेच्या किंवा कारखान्याच्या यादीत असणे. दोहोंचे मर्म एकच आहे : नोंद आहे. त्या नोंदीप्रमाणे व्यवहार होतो की नाही, याविषयी हा वाक्प्रचार काहीच सांगत नाही. आपल्या ‘कागदोपत्री’ या शब्दात जी किंचित नापसंती असते, ती यात नाही. आणि ‘अमलात असणे’ एवढा भरीव अर्थही यात नाही. ही सूक्ष्मता शिक्षकाने प्रथम स्वतः ध्यानात घ्यावी.

पूर्वज्ञान व प्रस्तावना

पुष्कळ शिक्षक कायद्याच्या अर्थापासून आरंभ करतात. तो मार्ग मला कठीण वाटतो. कायदा मुलांना दूरचा असतो. शिवाय मराठीत आपण ‘कायद्यात आहे’ असे म्हणतो, त्यामुळे मुले ‘ऑन’च्या जागी ‘इन’ घालतात. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारावेत.

आपल्या वर्गाच्या पटावर किती मुले आहेत? तुमच्या शेताच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे? रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्यांची नावे कशावर असतात?

पटावर, सातबाऱ्यावर, मस्टरवर अशी उत्तरे येतील. या तिन्ही शब्दांतील ‘वर’ हा प्रत्यय फळ्यावर अधोरेखित करावा. इंग्रजीतील ‘ऑन’ तो हाच. खेड्यातील मुलाला हा वाक्प्रचार निम्मा अगोदरच येत असतो, फक्त तसे त्याला कोणी सांगितलेले नसते.

विषयप्रतिपादन

पहिले वाक्य पटाचेच घ्यावे : ‘देअर आर थर्टी चिल्ड्रेन ऑन द बुक्स.’ त्यानंतर कायद्याकडे वळावे.

‘अ लॉ अगेन्स्ट चाइल्ड मॅरेज हॅज बीन ऑन द बुक्स इन इंडिया सिन्स १९२९.’ हरविलास सारडा यांच्या प्रयत्नाने त्या वर्षी बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा संमत झाला. लोकांत तो ‘शारदा कायदा’ या नावाने ओळखला गेला. त्यात मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ होते. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले, आणि २००६ साली त्या जागी नवा कायदा करण्यात आला. एवढी माहिती सांगून मुलांना विचारावे, ‘मग गावात बालविवाह मुळीच होत नाहीत काय?’ जे उत्तर येईल, त्यातूनच वाक्याचा उत्तरार्ध सिद्ध होतो : ‘बट चाइल्ड मॅरेजेस स्टिल टेक प्लेस.’ हा वाक्प्रचार ‘स्टिल’ आणि ‘बट’ या दोन शब्दांच्या संगतीत वारंवार का आढळतो, हे मुलांना येथे आपोआप कळते.

दुसरे उदाहरण राजद्रोहाच्या कलमाचे घ्यावे. हे १२४-अ कलम १८७० साली भारतीय दंडसंहितेत आले. याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ आणि १९०८ साली शिक्षा झाल्या. स्वातंत्र्यानंतरही ते कायम राहिले. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर स्थगित ठेवण्याचा आदेश दिला. तरी ते रद्द झालेले नव्हते. १ जुलै २०२४ रोजी दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि ते जुने कलम दंडसंहितेबरोबर गेले. म्हणून, ‘द ओल्ड सेक्शन रिमेन्ड ऑन द बुक्स टिल २०२४.’ कायदा दप्तरात असणे आणि तो वापरला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

वारंवार होणाऱ्या चुका

१. ‘द’ गाळणे किंवा ‘बुक’ असे एकवचन योजणे. ‘बाय द बुक’ हा निराळा वाक्प्रचार असून त्याचा अर्थ ‘नियमाबरहुकूम’ असा आहे.

२. ‘ऑफ द बुक्स’चे दोन अर्थ एकत्र करणे. ‘द लॉ वॉज टेकन ऑफ द बुक्स’ म्हणजे कायदा रद्द झाला. ‘ही वॉज पेड ऑफ द बुक्स’ म्हणजे हिशेबात न दाखविता त्याला मजुरी दिली.

३. ‘कुक द बुक्स’ याचा शब्दशः अर्थ घेणे. मुले येथे हसतात, हसू द्यावे. खोटे हिशेब लिहिणे असा त्याचा अर्थ आहे.

उपयोजन

आता प्रत्येक मुलाकडून स्वतःचे एक वाक्य करवून घ्यावे. पाठाचा खरा भाग हाच होय. या संदर्भात माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका लहान गावी शिक्षक होतो. दिवाळी सरली की गावातील निम्मी घरे ऊसतोडीला जात. अशा दिवसांत मी हाच वाक्प्रचार सातवीला शिकविला. आजीजवळ मागे राहिलेल्या एका मुलाने वाक्य लिहिले : ‘माय सिस्टर इज ऑन द बुक्स, बट शी इज नॉट इन द स्कूल.’ ‘स्कूल’मागचा ‘द’ मी खोडला, वाक्याला बरोबरची खूण केली आणि वर्गापुढे त्याची प्रशंसाही केली. त्याच दुपारी पाचवीच्या हजेरीपटावर मी त्याच्या बहिणीपुढे ‘हजर’ असे लिहिले. पट उतरला तर एका शिक्षकाची जागा जाईल, ही भीती होती. आणि सगळेच असे करतात, ही सबब होती.

ती मुलगी चैत्रात परतली. तिला धडा वाचता येईना. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. तिची चौकशी कोणी केली नाही, कारण दप्तराप्रमाणे तिची हजेरी जवळजवळ पूर्ण होती. तिच्या भावाने एका वाक्यात सत्य लिहिले होते. मी ते व्याकरणापुरते तपासले.

पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर विशेष पटपडताळणी झाली. तिचे स्मरण आपणांपैकी अनेकांना असेल. पटावरील आणि वर्गातील मुलांमधील अंतर तेव्हा मोजले गेले, आणि मला ते एक वाक्य आठवले. आज अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची व्यवस्था आहे. परंतु जे मूल हजेरीपटावर रोज उपस्थित आहे, त्याच्यापर्यंत यातले काही पोहोचण्याचा मार्गच आपण बंद करतो. ‘गैरहजर’ अशी खरी नोंद ही त्या मुलाच्या बाजूने दिलेली साक्ष असते.

म्हणून मुलांची वाक्ये तपासताना व्याकरण अवश्य पाहावे, पण वाक्य काय सांगते तेही वाचावे. एखादे वाक्य वर्गाबाहेर जाऊन पाहावयास लावणारे असेल, तर त्याच दिवशी त्या घरी जावे.

स्वाध्याय

१. ‘स्टिल ऑन द बुक्स’ योजून कायद्याविषयी एक वाक्य करा.

२. ‘टेकन ऑफ द बुक्स’ आणि ‘पेड ऑफ द बुक्स’ यांतील भेद दाखविणारी दोन वाक्ये करा.

३. ‘ऑन द बुक्स, बट …’ हे वाक्य आपल्या गावातील प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीने पुरे करा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे गोळा करून शिक्षकांनी ती शाळेच्या हजेरीपटाशेजारी ठेवून वाचावीत, अशी माझी नम्र सूचना आहे.