तार नसलेली करवत

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ज्यांची उभी हयात गेली, त्यांच्या अंगी एक शिस्त अशी मुरलेली असते की निवृत्तीनंतरही ती सुटत नाही. यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याचा वीजपुरवठा तोडावयाचा, फ्यूज काढून आपल्या ताब्यात घ्यावयाचा, खटक्यावर ताकिदीची पाटी टांगावयाची, आणि रीतसर ‘शटडाउन’ मिळाल्याखेरीज, माणूस कितीही अनुभवी असो, फिरत्या भागाजवळ बोट न्यावयाचे नाही. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून कामगारांच्या पिढ्या या शिस्तीत वाढल्या. मी स्वतः पॅटर्न शॉपमध्ये ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने घडवीत असे. सबब करवतीशी माझा परिचय जुना आहे. त्या काळच्या करवतीला तार असे. तार सॉकेटमधून उपटून नजरेसमोर टाकली की यंत्र निर्जीव झाल्याची खात्री डोळ्यांनाच पटे, आणि त्या खात्रीवर आम्ही निर्धास्तपणे पाते बदलीत असू.

अलीकडे कारखान्याच्या वसाहतीतील क्वार्टरांत बॅटरीवर चालणारी, एका हातात मावणारी साखळी-करवत पुष्कळांनी आणली आहे. यंत्र उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु नवतप्याच्या, म्हणजे मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, सुमारास आलेल्या एका धुळीच्या वादळाने आमच्या शेजाऱ्यांच्या अंगणातील जांभळीची फांदी मोडली, आणि त्या दिवशी जे घडले, त्यावरून काही गोष्टी इतरांना सांगणे मला कर्तव्य वाटते.

शेजाऱ्यांचा तरुण मुलगा घडीच्या शिडीवर उभा राहून ती फांदी कापीत होता. ओल्या लाकडाच्या चिरेत साखळी अडकली. “बॅटरी काढ आधी,” मी कुंपणापलीकडून म्हटले. “काका, बटन सोडलं की ती थांबतेच,” असे म्हणून त्याने डाव्या हाताने साखळीत रुतलेली ढलपी ओढली. त्याच क्षणी तोल सावरण्यासाठी उजव्या हाताची मूठ आवळली गेली, खटका दाबला गेला, आणि मोकळी झालेली साखळी दोन बोटांवरून फिरली. बोटे वाचली, पण तर्जनी आजही पुरती मिटत नाही.

त्या मुलाला मी बेफिकीर म्हणणार नाही. ज्या यंत्राची वीज भिंतीतून येते, त्याची वीज कोठून तोडावी हे तारच सांगते; ज्याची वीज त्याच्याच पोटात आहे, ते मात्र थांबलेले असतानाही सज्ज असते. म्हणून साखळी साफ करताना, ताणताना, बदलताना, किंवा क्षणभर करवत खाली ठेवून पाणी प्यायला जातानाही बॅटरी काढून खिशात नव्हे, तर वेगळ्या पिशवीत ठेवावी. हेच या यंत्राचे शटडाउन होय. खटक्याजवळची सुरक्षा-कळ चिकटपट्टीने दाबून ठेवण्याची खोड काहींना असते. ती तर सर्वथैव वर्ज्य मानावी.

फांदी कापण्याची रीतही समजून घ्यावयास हवी. एका टोकाला झाडाशी जोडलेल्या, लोंबत्या फांदीचे वरचे तंतू ताणलेले आणि खालचे दाबलेले असतात. म्हणून प्रथम खालून एक-तृतीयांश चीर द्यावी, मग थोड्या बाहेरच्या अंगाने वरून कापावे, म्हणजे साखळी चिमटली जात नाही आणि सालही सोलवटत नाही. साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकू देऊ नये. तेथे साखळी रुतली की करवत उसळून कापणाऱ्याच्याच तोंडाकडे येते. यंत्र एका हाताने चालते, म्हणून दुसऱ्या हाताने फांदी धरण्याचा मोह होतो. बहुतेक इजा या मोहातूनच उद्भवते, असे माझे मत आहे. शिडीवरून तर ही करवत चालवूच नये. जमिनीवर पाय रोवून पोहोचत नसेल, तर माणूस बोलवावा. डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा असावा, आणि ओढणी अथवा सैल बाही अंगावर असू नये.

शेजाऱ्यांच्या मुलाला इजा झाली त्या धांदलीत करवत फरशीवर आदळून बॅटरीच्या कवचाला तडा गेला होता. संध्याकाळी घरातील कोणी ती नेहमीप्रमाणे चार्जिंगला लावली. रात्री गोडसर, उग्र असा वास सुटला आणि धूर दिसू लागला. आम्ही प्रथम मेन स्विच बंद केला, लांब दांड्याच्या फावड्याने बॅटरी अंगणात ढकलली, आणि ती भडकताच दुरून पाण्याच्या बादल्यांवर बादल्या ओतल्या. विझल्यासारखी वाटून ती पुन्हा पेटली. अशा आगीत ज्वाला विझणे पुरेसे नसते, आतली उष्णता उतरावी लागते. धूरही विषारी असतो. घरात आग पसरू लागली, तर बॅटरीच्या नादी न लागता माणसे बाहेर काढून अग्निशामक दलाला बोलवावे.

बॅटरी अशी पेट घेण्याचे कारण तिच्या रचनेत आहे. अठरा व्होल्टच्या संचात सामान्यतः ३.६ व्होल्टचे पाच लिथियम-आयन घट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक घट ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. म्हणूनच काही खोक्यांवर त्याच संचाला एकवीस व्होल्ट म्हटलेले आढळते. घटातील दोन ध्रुवांमध्ये अत्यंत पातळ, सच्छिद्र पडदा असतो. आघाताने, प्रमाणाबाहेर चार्जिंगने किंवा उष्णतेने तो फाटला की आतल्या आत शॉर्टसर्किट होते आणि एका घटाची आग शेजारच्या घटाला लागते. आकड्यांतील साम्य पाहून भलताच चार्जर जोडणे म्हणूनच धोक्याचे आहे. बहुतेक उत्पादक चाळीस अंशांच्या वर चार्जिंग न करण्याची ताकीद देतात, आणि भिलाईचा मे महिना दुपारी ती मर्यादा सहज ओलांडतो. तेव्हा काम संपल्यावर बॅटरी निवू द्यावी, पहाटे जागेपणी, उघड्या फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर चार्ज करावी, आणि उन्हातल्या स्कूटरच्या डिकीत कदापि ठेवू नये. खिळे आणि लोखंडाचा कीस असलेल्या पेटीत ती सुटी टाकल्यास धातूने दोन्ही टोके जोडली जातात.

तडा गेलेली, फुगलेली, किंवा दिसायला धडधाकट असली तरी पाण्यात बुडालेली बॅटरी बाद समजावी. कचरागाडीत ती चिरडली गेल्यास गाडीच पेटू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, सुक्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवावी आणि विक्रेत्यामार्फत परत पाठविण्याची तजवीज करावी.