घरबसल्या हाऊजी

गोसीखुर्दचे धरण वैनगंगेवर आहे. ते पवनी तालुक्यात आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्याचा पाया घातला. धरणाला ३३ दारे आहेत. पाणी अडले आणि बरीच गावे उठली. माणसे नव्या गावठाणांत राहायला आली.

नव्या गावठाणात घरे झाली. रस्ते झाले, विजेचे खांब आले. पण जुना पार काही संगे आणता आला नाही. त्या पारावर म्हातारी माणसे सकाळ-संध्याकाळ बसत. कोणाची गाय व्याली, कोणाच्या घरी पाहुणे आले, सारे तिथेच कळे. आता शेजार बदलला. गुडघे दुखतात, डोळ्यांना कमी दिसते. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. तरणी पोरे मोटारसायकलवर बसून नाटकाला जातात. म्हातारी माणसे आणि अपंग माणसे खाटेवर राहतात. पोटाला जेवण मिळते, पण बोलायला माणूस मिळत नाही.

हे दुःख आपल्याच गावचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सांगितले की जगात दर सहा माणसांत एक माणूस एकटेपणाने त्रासलेला आहे.

अशा माणसांसाठी एक सोपा खेळ आहे. त्याला कोणी हाऊजी म्हणतात, कोणी तांबोला म्हणतात. इंग्रजीत त्यालाच बिंगो म्हणतात. आपल्याकडे गणपतीत, शारदोत्सवात आणि बायकांच्या भिशीत तो खेळतात. खेळ मूळचा परका आहे. तो इटली देशातून निघाला आणि इंग्रज पलटणीतले शिपाईही तो खेळत. पण आता तो आपलाच झाला आहे. या खेळाला पळावे लागत नाही, जोर लागत नाही. आकडे ओळखता आले की झाले. तुम्ही आता आकडे वाचायला शिकला आहात. म्हणजे तुम्हाला हा खेळ येणारच.

खेळ असा आहे. १ ते ९० आकड्यांच्या ९० चिठ्ठ्या करायच्या आणि डब्यात टाकायच्या. प्रत्येक खेळणाऱ्याला एक तिकीट द्यायचे. तिकिटावर आडव्या ३ ओळी आणि उभे ९ रकाने असतात. म्हणजे घरे झाली २७. त्यांतल्या १५ घरांत आकडे असतात, १२ घरे रिकामी असतात. प्रत्येक ओळीत पाचच आकडे येतात. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, तिसऱ्यात २० ते २९ असे पुढे जात शेवटच्या रकान्यात ८० ते ९० येतात. म्हणून ५८ पुकारला तर सारे तिकीट शोधायचे काम नाही. सहावा रकाना तेवढा पाहायचा.

हे एक तिकीट पाहा. रिकामी घरे येथे सोडली आहेत.

वरची ओळ : ४, २३, ३८, ५९, ८१
मधली ओळ : १२, २७, ४५, ६६, ९०
खालची ओळ : ७, १८, ४९, ६९, ७४

एकजण डब्यातून चिठ्ठी काढून आकडा पुकारतो. तो आपल्या तिकिटावर असला तर खोडायचा. ज्याचे पहिले पाच आकडे आधी खोडून होतील त्याला एक बक्षीस. ज्याची एक ओळ आधी पुरी होईल त्यालाही एक. आणि पंधराच्या पंधरा आकडे आधी ज्याचे खोडून झाले, त्याचे 'फुल हाऊस' झाले. तेव्हा मोठ्याने ओरडायचे. माझ्या मते खेळातली खरी गंमत या ओरडण्यात आहे.

२०२० साली करोनाची टाळेबंदी होती. कोणी कोणाच्या घरी जाऊ शकत नव्हते. तेव्हा किती तरी घरांनी हा खेळ फोनवर खेळला. आई गावी, लेक पुण्याला, भाऊ परदेशात. एकजण फोनवर आकडे पुकारी, बाकीचे आपापल्या घरी तिकीट खोडीत. टाळेबंदी उठली. पण काही माणसांची टाळेबंदी कायमचीच असते. ज्याला लकवा मारला आहे त्याची, ज्याला चालता येत नाही त्याची. त्यांच्यासाठी ही युक्ती पुढेही चालू ठेवता येते.

त्यासाठी एखादे अ‍ॅप घेतलेच पाहिजे असे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ३२ माणसे एकाच वेळी एकमेकांशी बोलू शकतात. त्याहून बरे म्हणजे चार माणसांनी समाजमंदिरात बसून खेळावे, आणि मधे एक फोन चालू ठेवावा. घरी खाटेवर असलेल्या माणसाच्या उशाशी दुसरा फोन ठेवावा. त्याला आकडे ऐकू येतात. मुख्य म्हणजे हसणे, ओरडणे, भांडणेही ऐकू येते. त्याचा आवाजही इकडे येतो. तिकीट शाळेतली नात हाताने लिहून देईल आणि सकाळीच घरी पोचवील.

"मले धड दिसत नाही माय, मी कायले खेळू?" असे एखादी आजी म्हणेल. तिला तिकीट मोठे करून द्या. वहीच्या पानाएवढे तिकीट, जाड काळे आकडे. खोडायला पेन धरता येत नसेल, हात थरथरत असेल, तर आकड्यावर चिंचोका ठेवावा. फोनवरचे अक्षरही सेटिंगमध्ये जाऊन मोठे करता येते.

ज्याला मुळीच दिसत नाही, त्याच्यासाठी बहुतेक स्मार्टफोनांत टॉकबॅक नावाची सोय आहे. ती चालू केली की फोन बोलतो. पडद्यावर एकदा बोट टेकवले की तिथे काय आहे ते सांगतो. दोनदा टकटक केले की ते उघडतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिकिटाचा फोटो पाठवला तर बोलणाऱ्या फोनला त्यातले आकडे सहसा नीट वाचता येत नाहीत. म्हणून आकडे टाइप करून पाठवावे. ही चूक डोळस माणसे नेहमी करतात.

ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी आकडा पाटीवर लिहून फोनपुढे धरावा. ज्याची समज थोडी कमी आहे, त्याला पाचच आकड्यांचे तिकीट द्यावे आणि तेवढ्यावरच बक्षीस ठेवावे. पुकारणाऱ्याने घाई करू नये. एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला सारखेच वाटतात. म्हणून आधी "पाच नऊ" म्हणावे, मग "एकोणसाठ" म्हणावे.

अ‍ॅपवर खेळायचे झाले तर आणखी एक अडचण येते. आपण ५ लिहायला शिकलो तो मराठी वळणाचा. फोनवर आकडे बहुधा इंग्रजी वळणाचे असतात. घाबरू नका. नवी पाचशेची नोट हातात घ्या. तिच्यावर ५०० दोन्ही वळणांनी छापले आहेत. तशीच दोन्ही वळणे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा. चार दिवसांत डोळ्यांना सवय होते.

घरची माणसे कधी म्हणतात, "बुढ्याले आता खेळ कायले पाहिजे जी?" त्यांना सांगा की दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्यात शिक्षण आणि रोजगार आहे, तशी करमणूकही आहे. खेळाने लकवा बरा होत नाही, हे खरे. तसे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण संध्याकाळी सात वाजता आपल्याला फोन येणार आहे, आपली कोणी तरी वाट पाहणार आहे, एवढ्यासाठीही माणूस दुपारी केस विंचरून बसतो.

आता पैशाची गोष्ट. ती नीट वाचा.

इंग्लंडात सरकारी परवाना घेऊन पैशाचा बिंगो चालतो. तिथली म्हातारी माणसे तो आवडीने खेळतात. आपल्याकडचा कायदा निराळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. खेळात बुद्धी लागो की नशीब, बंदी दोन्हींना आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही.

तरीही फोनवर बोलावणी येतात. "शंभर भरा, हजार जिंका." पहिल्या दिवशी थोडे जिंकूही देतात. हे गळाला लावलेले गांडूळ आहे. वैनगंगेच्या काठच्या माणसाला ते आणखी काय समजावून सांगावे? ज्यांच्या खात्यात श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येतात, त्यांनी तर फार जपावे. ते खाते बहुधा फोनलाच जोडलेले असते. पैसे घ्यायला पिन कधी लागत नाही, पैसे द्यायलाच लागतो. म्हणून "बक्षीस जमा करतो, पिन टाका" असे कोणी म्हटले की फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. त्याच घडीला १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

आपल्या खेळात बक्षीस म्हणून साबणाची वडी ठेवा, चहापत्तीचा पुडा ठेवा, शेंगदाण्याचा लाडू ठेवा. तिकिटाला पैसे घेऊ नका. गावात कोणी म्हणेल, "दहा-दहा रुपये काढा, मजा येईल." त्याला नाही म्हणा. दहाचे पन्नास व्हायला वेळ लागत नाही, आणि मग ज्याच्याजवळ पैसे नाहीत तो पुन्हा एकटा पडतो.

सराव

वरचे तिकीट पुन्हा पाहा. डब्यातून या क्रमाने आकडे निघाले :

६६, ४, ३१, ९०, ५९, ८, १२, २७, ४५, ७३

१. यांतले कोणते आकडे आपल्या तिकिटावर नाहीत?
२. पहिले पाच आकडे कितव्या चिठ्ठीला खोडून झाले?
३. कोणती ओळ पुरी झाली? तिचे पाचही आकडे अक्षरांत लिहा.
४. आपल्या गल्लीत घराबाहेर पडू न शकणारी माणसे कोण कोण आहेत? त्यांची नावे वहीत लिहा.