बाय, ट्रॅक्टर घेण्याआधी

काजूच्या बागेसाठी मिनी ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलंस, बरं केलंस. गडी मिळत नाहीत आणि गणपतीनंतर कंबरेएवढं वाढलेलं गवत तू एका ग्रासकटरवर किती दिवस काढत बसणार? पण शोरूममध्ये पहिली गोष्ट निघेल ती एचपीची. तिच्यात अडकू नकोस. आपल्या कामाला 20-25 एचपी भरपूर झाले. डोंगरात खरा प्रश्न ट्रॅक्टर उभा राहतो की कलंडतो, हा आहे.

बरेचसे मिनी ट्रॅक्टर अरुंद असतात, कारण त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार. दोन ओळींमधून अंग चोरून जायचं, आणि जमीन बहुतेक सपाट. तोच ट्रॅक्टर आपल्या वरकस उतारावर आडवा घातलास आणि वरचं चाक गवतात लपलेल्या जांभ्यावर चढलं, तर सावरायलाही वेळ मिळत नाही. आपली काजूची झाडं सात-आठ मीटरवर आहेत, तुला अरुंद ट्रॅक्टर हवाच कशाला? मागच्या दोन चाकांतलं अंतर किती आणि ते वाढवता येतं का, हे विचार. बऱ्याच मॉडेलांत रिम उलटी बसवून चाकं बाहेर काढता येतात. ते काम डीलरकडूनच करून घे, आणि मागच्या टायरांत पाणी भरायला सांग, म्हणजे वजन खाली राहील.

दुसरं म्हणजे फोर बाय फोर. इथे पैसे वाचवू नकोस. लोकांना वाटतं ते चिखलासाठी किंवा चढासाठी असतं. मला ते उतरण्यासाठी हवं वाटतं. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागच्या चाकांना असतात. उतरताना वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या गवतावरून ब्रेक लावलेलीच घसरत सुटतात. फोर बाय फोर टाकलेलं असलं की पुढची चाकंही धरून ठेवतात. महिंद्राचा जिवो 245, कुबोटाचा बी 2441 हे 24 एचपीचे फोर बाय फोर आहेत, दोन्ही बघून ये. आणि ड्रायव्हर कोणीही असो, त्याला बजावून सांग: उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, मध्येच क्लच दाबायचा नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणारे असतात, त्यांना चावी देऊ नकोस.

सीटमागची लोखंडी कमान आणि पट्टा, हे दोन्ही हवेतच. ट्रॅक्टर उलटलाच, तर माणूस कमानीच्या आत राहतो, चिरडला जात नाही. काजूच्या खालच्या फांद्यांना ती अडते म्हणून लोक ती दुमडून ठेवतात. त्यापेक्षा फांद्या छाट. अगदीच दुमडावी लागली तर तेवढ्यापुरता पट्टा बांधू नकोस, आणि बाहेर आल्यावर कमान परत उभी कर. मडगार्डवर कोणाला बसवायचं नाही, भाच्यालासुद्धा नाही.

डेमो आपल्याच बागेत माग. त्याआधी उतार मोज. दहा फुटांची काठी घे, एक टोक वरच्या अंगाला जमिनीवर टेकव, काठी आडवी सरळ धर आणि दुसऱ्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते टेपने बघ. दोन-अडीच फुटांच्या वर गेलं, तर तिथे ट्रॅक्टर न्यायचाच नाही, असा नियम कर. गडग्याजवळचा तो वरचा तुकडा मला तसाच वाटतो. तिथे ग्रासकटरच बरा.

रोटाव्हेटर डीलर गळ्यात मारेल. खालच्या सपाट तुकड्यापुरता ठीक. उतारावर मात्र माती भुसभुशीत केलीस की आपल्या पावसात ती थेट व्हाळात जाईल. तिथे गवत नुसतं कापून झाडांच्या बुंध्याभोवती पसर.

पैशांचं थोडक्यात. सातबारा आईच्या नावावर आहे, तर महाडीबीटीवर अर्जही तिच्याच नावाने कर. महिलांना अनुदान 50 टक्के. पण वरची मर्यादा असल्यामुळे हातात निम्म्याहून बरंच कमी येतं, तेवढंच धरून चाल. पूर्वसंमती येण्याआधी बिल करू नकोस, अनुदान जाईल. जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, कोटेशनमध्ये तो नीट बघ.

आणि डिलिव्हरीच्या दिवशी खाली वाकून पीटीओच्या, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या, शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण जागेवर आहे ना, ते बघ. तो शाफ्ट साधारण मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक त्यात गेलं तर ती सोडवायलाही सवड नसते. आवरण नसेल तर सही करू नकोस, आणि आई पदर खोचून बघायला येईलच, तिला चालू ट्रॅक्टरच्या मागे उभी राहू देऊ नकोस.