एफईचा तास

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे एफईला, मेकॅनिक्स आणि ग्राफिक्स शिकवता शिकवता मलाच पाच गोष्टी उमगल्या. मुलांना किती उमगलं, ते विद्यापीठ दरवर्षी कळवतंच.

१. सोपं शिकवताना आडोसा नसतो. वरच्या वर्गात अडलं की समीकरणामागे लपता येतं. इथे मी नुसती सायकल काढायला सांगते आणि वेग घेताना मागच्या चाकावर घर्षणाचा बाण कुठे, ते विचारते. सीईटी गाजवून आलेला वर्ग ठामपणे मागे बाण काढतो; ‘घर्षण गतीला विरोध करतं’ हे शाळेपासून पाठ. मग सायकलला पुढे ढकलतं कोण? ‘चेन, मॅडम!’ पण चेन सायकलचाच भाग. आपणच आपल्याला कसं ढकलणार? ढकलतो तो रस्ता. चाक मागे घसरू पाहतं, त्याला घर्षण अडवतं, म्हणून बाण पुढे. हे सांगताना मला अजून दरवेळी थोडं नवल वाटतं, आणि मुलांना माझ्या बोलण्याचा थोडा संशय येतो.

२. ‘मॅडम, दिसत नाही’ ही सबब नसते. शंकू छेदला की कडा कशी दिसेल, हे काहींना खरंच दिसत नाही. म्हणून मी वर्गात गाजर नेते. तिरकं आरपार कापलं की इलिप्स, उतरत्या कडेला समांतर कापलं की पॅराबोला. मागचे बाक पुरावा खाऊन टाकतात. बाकी हॉस्टेलवर काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट गिरवणं, म्हणजे ‘जीटी’ मारणं, चालूच असतं. खोडरबराचा एकही डाग नसलेली शीट दिसली की मी आधी तिच्या मालकाकडे बघते.

३. वर्कशॉपमध्ये वाद चालत नाही. ‘कॉम्प्युटरवाल्यांना कानस कशाला?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. आयटीआय शिकून आलेले तिथले सर उत्तर देत बसत नाहीत. पुढे जाताना दाब, मागे येताना सैल. कानशीचे दात पुढे जातानाच कापतात. मग जॉबला गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड आला, की पुन्हा घासायचं. माझ्या तासाला अर्धवट उत्तरालाही स्टेपचे मार्क मिळतात; उजेड ते देत नाही.

४. एम-वनची केटी, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात राहणं, हे अकलेचं मोजमाप नव्हे. पालकांनी हे दोनदा वाचावं.

५. रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात कॅल्टेकमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. त्या व्याख्यानांची पुस्तकं जगभर गेली. प्रस्तावनेत मात्र त्यांनी स्वतःच म्हटलं, की मुलांच्या दृष्टीने हे फारसं साधलं नाही. त्यांची ही गत, तर आपली काय कथा! आमच्याकडे एफई नव्याने रुजू झालेल्याच्या गळ्यात पडतं. विभागप्रमुखांनो, वेळापत्रक लावताना हे उलटं करून बघा. नवख्यांना शेवटचं वर्ष द्या. तिथली मुलं सांभाळून घेतात.